विशेष अधिवेशन बोलावून मतदार नोंदणीची तारीख बदलता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘माझी मुलगी ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. १५ जानेवारी २०२६ ला आमच्या महापालिकेचं मतदान झालं, पण तिला मत देता आलं नाही, कारण यादी १ जुलैची धरली होती. सरकारने मनात आणलं असतं तर एक दिवसाचं विशेष अधिवेशन बोलावून ही तारीख पुढे नेता आली नसती का? आरक्षणाच्या कायद्यासाठी बोलावलंच होतं ना?’

मी महसूल खात्यात असताना बरीच वर्षं निवडणूक शाखेत काढली, त्यातली काही सहायक मतदार नोंदणी अधिकारी म्हणून. त्यामुळे याचं उत्तर कायद्याच्या बाजूने देतो तसंच टेबलाच्या बाजूनेही देतो. विधिमंडळाला ही तारीख कायद्याने बांधता आली असती, हे खरं. पण ती तारीख मुळात विधिमंडळाने ठरवलेली नव्हतीच. ती राज्य निवडणूक आयोगाच्या एका आदेशात होती, आणि आदेशातली तारीख बदलायला आमदारांना मुंबईत गोळा करावं लागत नाही. शिवाय ज्या महिन्यांत ही मागणी जोरात होती, त्या महिन्यांत अधिवेशन बोलावून कायदा केला असता तरी तुमच्या मुलीचं नाव यादीत आलं असतं याची खात्री मी दिली नसती.

बोलताना आपण ‘नोंदणीची तारीख’ म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या तारखा एकमेकींत मिसळलेल्या असतात. कोणती तारीख कुठे लिहिलेली आहे, हे आधी बघायचं. बदलायचा अधिकार कोणाला, हे त्यावरूनच ठरतं.

पहिली तारीख वयाची. तिला अर्हता दिनांक म्हणतात. राज्यघटनेचा अनुच्छेद ३२६ सांगतो की कायद्याने ठरवलेल्या तारखेला जो अठरा वर्षांचा असेल तो मतदार होऊ शकतो. म्हणजे वय घटनेत आहे, पण ते कोणत्या दिवशी मोजायचं हे घटनेने कायद्यावर सोडलं आहे. तो कायदा म्हणजे संसदेचा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५०, आणि त्याचं कलम १४. वर्षानुवर्षं तिथे एकच तारीख होती, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागायचं. तहसील कचेरीत दरवर्षी असे दोन-चार पालक भांडायला यायचेच. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने निवडणूक कायदे सुधारणा विधेयक मंजूर केलं आणि १ ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा आल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

ही तारीख राज्याच्या विधिमंडळाला बदलता येत नाही. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदार याद्यांबद्दल कायदा करायचा अधिकार अनुच्छेद ३२७ ने संसदेला दिला आहे. ३२८ राज्याला थोडी जागा देतो, पण संसदेने जिथे तरतूद केलेली नाही तेवढीच. १९५० च्या कायद्याने ती जागा भरून टाकली आहे. उद्या मुंबईत विशेष अधिवेशन भरवून ‘विधानसभेच्या यादीसाठी १ डिसेंबर धरा’ असा ठराव एकमताने झाला, तरी तो केंद्राकडे केलेली विनंती यापलीकडे काही नसतो.

संसदेने मात्र हे एकदा करून दाखवलेलं आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, आणि ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ ला अमलात आली. पण अर्हता दिनांक होता १ जानेवारी. त्या वर्षाच्या १ जानेवारीला तर नवं वय अमलातच नव्हतं! निवडणूक त्याच वर्षी व्हायची होती. मग संसदेने १९५० च्या कायद्याच्या कलम १४ ला एक परंतुक (अपवाद सांगणारी जोडओळ) जोडलं: १९८९ या एका वर्षापुरता अर्हता दिनांक १ एप्रिल १९८९ समजावा. ते परंतुक वाचताना मला नेहमी मजा वाटते. एवढ्या मोठ्या घटनादुरुस्तीचा फायदा नव्या मतदारांना प्रत्यक्ष मिळावा म्हणून कायद्यात तारखेची एक ओळ घालावी लागली. मात्र मतदान झालं नोव्हेंबर १९८९ मध्ये. तारीख बदलल्यावर घरोघरी जाऊन नावं घ्यायला, यादी छापायला, हरकती ऐकायला मधे काही महिने मोकळे होते. हे पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात असू द्या.

दुसरी तारीख दार बंद व्हायची. विधानसभा-लोकसभेसाठी ती १९५० च्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर त्या मतदारसंघाच्या यादीत निवडणूक संपेपर्यंत नाव घालायचं नाही, काढायचं नाही, हलवायचं नाही. इथे अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच बिहारच्या एका प्रकरणात (बैद्यनाथ पंजियार) सांगितलं आहे की या मुदतीनंतर नाव घालण्याचा अधिकारच नोंदणी अधिकाऱ्याकडे उरत नाही. म्हणजे अशी नावं पडलेल्या मतांनिशी बाद होऊ शकतात. प्रत्यक्षात दार त्याच्याही आधी लोटलं जातं. नमुना ६, म्हणजे नवं नाव घालण्याचा अर्ज, आला की तो हरकतींसाठी सात दिवस लावून ठेवायचा असतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात आलेला अर्ज स्वीकारला तरी त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही. कार्यकर्ते शेवटच्या दिवशी अर्जांचे गठ्ठे आणून टेबलावर ठेवतात आणि पोच घेऊन विजयी मुद्रेने जातात, तेव्हा बाबू लोक एकमेकांकडे बघतात ते याच कारणाने.

तिसरी तारीख तुमच्या प्रश्नातली, आणि नेमकी तीच सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी उचलायची आणि ती प्रभागांत, गटांत किंवा वॉर्डांत वाटायची, अशी पद्धत आहे. पण विधानसभेची यादी रोज बदलत असते. नावं येतात, जातात, पत्ते बदलतात. मग कोणत्या दिवशीची यादी उचलायची? कायदा म्हणतो, राज्य निवडणूक आयोग आदेशाने जो दिवस अधिसूचित करील त्या दिवशी अमलात असलेली. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी तो दिवस होता १ जुलै २०२५.

आता हिशेब करा. १ जुलै २००७ ला जन्मलेली मुलगी पात्र. २ जुलैला जन्मलेली अपात्र, आणि १५ जानेवारीला मतदान झालं त्या दिवशी तिचं वय १८ वर्षं ६ महिने १३ दिवस. तुमच्या मुलीचं तसंच झालं. १ ऑक्टोबरच्या अर्हता दिनांकाने ती विधानसभेची मतदार होऊ शकत होती. महापालिकेसाठी मात्र नाही, कारण आयोगाने कात्री आधीच लावली होती. संसदेने चार तारखा दिल्या तरी स्थानिक निवडणुकीत त्यांचा फायदा कात्री कुठे लागते यावर अवलंबून राहतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली खरी त्रुटी इथे आहे. आंदोलनं झाली, मोर्चे निघाले, त्यात दुबार नावांचा विषय जास्त गाजला आणि हा मागे पडला.

आता विधिमंडळ काय करू शकलं असतं ते बघू. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्य सूचीतला विषय आहे. अनुच्छेद २४३-ट आणि २४३-यक मतदार याद्या तयार करण्याचं अधीक्षण, संचालन आणि नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे देतात, आणि त्याच अनुच्छेदांत पुढे म्हटलं आहे की या निवडणुकांच्या सर्व बाबींवर राज्य विधिमंडळ कायद्याने तरतूद करू शकेल. म्हणजे ‘कार्यक्रम जाहीर होण्याआधीच्या लगतच्या अर्हता दिनांकाची यादी धरावी’ असं एक वाक्य कायद्यात घालायला घटनेची आडकाठी नाही. ते एकाच कायद्यात घालून भागत नाही, एवढंच. मुंबईचा १८८८ चा कायदा वेगळा, बाकी महापालिकांचा १९४९ चा वेगळा, नगरपरिषदा-नगरपंचायतींचा १९६५ चा, जिल्हा परिषद व पंचायत समित्यांचा १९६१ चा, आणि ग्रामपंचायतींचा आणखी निराळा.

विशेष अधिवेशन या शब्दाला आपण फार वजन देतो. घटनेत तो शब्द नाही. अनुच्छेद १७४ प्रमाणे राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सभागृह बोलावतात आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, एवढंच आहे. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी, ही तीन ठरलेली. त्याबाहेर एखाद्या कामासाठी बोलावलं की त्याला विशेष म्हणायचं. दिल्लीतही तसंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणासाठी गाजलेलं विशेष अधिवेशन अधिकृत नोंदीत सतराव्या लोकसभेचं तेरावं अधिवेशन आहे, बस. त्यात मंजूर झालेल्या कायद्याला नेहमीच्या कायद्याहून जास्त ताकद येत नाही, आणि कमीही नाही.

वेग मात्र येऊ शकतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. २० फेब्रुवारी २०२४ ला एक दिवसाचं अधिवेशन बोलावून मराठा आरक्षणाचं विधेयक त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि २६ तारखेला कायदा अमलात आला. पण घाईच असेल तर सरकारकडे त्याहून जवळचा रस्ता आहे: अनुच्छेद २१३ खालचा अध्यादेश. अधिवेशन चालू नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल सही करतात आणि तो लागू होतो. पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो विधेयकाने कायम करावा लागतो. प्रभागांच्या संख्येबाबत आपल्याकडे असे अध्यादेश निघालेही आहेत. त्यामुळे ‘विशेष अधिवेशन बोलवा’ ही मागणी मला नेहमी थोडी व्यासपीठावरची वाटते. ज्याला खरंच उद्या सकाळी बदल हवा आहे तो अध्यादेश मागेल. आणि ज्याला त्याहून सोपं हवं आहे तो आयोगाला पत्र लिहील, कारण आदेश आयोगाचा आहे.

त्यात २०२५ च्या बाबतीत एक गंमत झाली. विशेष अधिवेशनाची गरजच नव्हती, नेहमीचंच अधिवेशन नेमक्या वेळी भरलेलं होतं. ८ डिसेंबरला नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं. महापालिकांचा कार्यक्रम १५ डिसेंबरला जाहीर झाला. विधेयक आणायची इच्छा असती तर सभागृह समोर होतं. मग का आणलं नाही, याचं राजकीय उत्तर ज्याने त्याने आपलं शोधावं. कचेरीतलं उत्तर असं की तोवर घोडं बरंच पुढे गेलेलं होतं. मुंबईची प्रारूप मतदार यादी २० नोव्हेंबरलाच प्रसिद्ध झाली होती आणि हरकती येऊन पडल्या होत्या.

ही प्रारूप यादी बनते कशी, हे एकदा जवळून पाहिलं की तारखेचा एवढा बाऊ का करतात ते कळतं. विधानसभेची यादी भागांत असते, एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राचे मतदार. प्रभागाची हद्द या भागांचा विचार करून आखलेली नसते. ती रस्त्याच्या मधून जाते, नाल्यावरून जाते, कधी एका सोसायटीच्या दोन इमारतींमधून जाते. म्हणून प्रत्येक भाग फोडावा लागतो. बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) आणि पालिकेचा माणूस यादी हातात घेऊन गल्लीत उभे राहतात आणि लिहितात: अनुक्रमांक १ ते ३१२ या प्रभागात, ३१३ ते ४०५ शेजारच्या, पुन्हा ४०६ पासून या प्रभागात. याला कंट्रोल चार्ट म्हणतात. घर क्रमांकाच्या रकान्यात कुठे शून्य, कुठे नुसती रेघ, कुठे ‘मारुती मंदिराजवळ’. मारुती मंदिरं दोन असली की झालंच. संगणकाला कंट्रोल चार्ट दिला की तो क्षणात यादी फोडून देतो, पण चार्ट बनवायला माणसंच लागतात, आणि चुका तिथेच होतात. एका इमारतीतले शंभर मतदार भलत्याच प्रभागात गेले, अशा तक्रारी प्रत्येक निवडणुकीत येतात त्या याच टप्प्यावरच्या.

आता कल्पना करा की हे सगळं झाल्यावर तारीख १ जुलैवरून १ ऑक्टोबरवर नेली. नवी नावं यादीत आपापल्या घराशेजारी जाऊन बसत नाहीत. ती पुरवणीत येतात, भागाच्या शेवटी, पुढचे अनुक्रमांक घेऊन, ज्या क्रमाने अर्ज मंजूर झाले त्या क्रमाने. म्हणजे ९८१ वी मुलगी गल्लीच्या या टोकाची, ९८२ वा मुलगा त्या टोकाचा. ‘अमुक ते अमुक’ असा पट्टा तिथे चालत नाही, एकेक नाव पत्ता पाहून प्रभागात टाकावं लागतं. वगळलेली नावं आणि बदललेले पत्ते असतातच. मग पुन्हा प्रारूप, पुन्हा हरकती, पुन्हा अंतिम यादी. वरून ही माहिती राज्य निवडणूक आयोगाच्या हातात नसते, ती भारत निवडणूक आयोगाकडून मिळवावी लागते. नगरपरिषदांचं वेळापत्रक पाहा: प्रारूप याद्या ८ ऑक्टोबर २०२५, कार्यक्रमाची घोषणा ४ नोव्हेंबर, मतदान २ डिसेंबर. १ ऑक्टोबरला पात्र झालेल्या मुलाचा नमुना ६ मंजूर व्हायच्या आत तिथली प्रारूप यादी भिंतीवर लागली होती.

मुदत वाढवून घ्यायची म्हटलं तर डोक्यावर सर्वोच्च न्यायालय होतं. ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश झाला होता, आणि १६ सप्टेंबरला ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत देऊन झाली होती. मुंबईत तर ८ मार्च २०२२ पासून प्रशासक बसलेला. याद्यांचं कारण सांगून निवडणूक लांबवणं न्यायालयाला कधीच रुचलेलं नाही. किशनसिंह तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या २००६ च्या निकालात घटनापीठाने म्हटलं आहे की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, आणि यादीची उजळणी वाजवी वेळेत होत नसेल तर त्या वेळी जी यादी अस्तित्वात आहे तिच्यावर निवडणूक घ्यावी. नव्या मतदाराचा हक्क आणि वेळेवर निवडणूक होण्याचा सगळ्यांचा हक्क यांत तिढा पडला की न्यायालय दुसऱ्याच्या बाजूने झुकतं. तुमच्या मुलीच्या दृष्टीने हे कठोर आहे, पण निवडणूकच न होणं तिच्यासकट सगळ्यांसाठी वाईट होतं, आणि ते आपण चार वर्षं पाहिलं.

ऐनवेळी केलेल्या कायद्याचं काय होतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. ७ मार्च २०२२ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदे बदलून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. ११ मार्चला ते लागू झाले. सरकारला वाटलं, आता रचना नव्याने करू, मग निवडणूक. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: ११ मार्चच्या आधी जी रचना होती तिच्यावर पुढे जा. कायदा त्या आदेशाने रद्द झाला नाही, पण ज्या निवडणुकीसाठी घाईने केला तिला तो लावू दिला नाही. पुढे पुन्हा अध्यादेश, पुन्हा याचिका, ‘जैसे थे’, आणि गाडी मे २०२५ पर्यंत रुतली. मतदार नोंदणीच्या तारखेसाठी डिसेंबरात कायदा केला असता तर तो कोणीतरी न्यायालयात नेलाच असता. आमच्याकडे म्हणायचे, निवडणुकीच्या तोंडावर केलेला बदल कोणाच्या तरी पथ्यावर पडतो, आणि ज्याच्या पडत नाही त्याचा वकील तयार असतो.

कार्यक्रम एकदा जाहीर झाला की मग तर बोलायलाच नको. अनुच्छेद २४३-ण आणि २४३-यछ न्यायालयांनाही दूर ठेवतात, निवडणूक याचिकेखेरीज दाद नाही. १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून ही भूमिका चालत आलेली आहे. १९८५ च्या लक्ष्मीचरण सेन प्रकरणात, पश्चिम बंगालच्या याद्यांवर हजारो हरकती पडून आहेत म्हणून निवडणूक थांबवा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही. यादीचं काम सतत चालणारं आहे, ते कधीच ‘पूर्ण’ नसतं, असं त्यामागचं तर्कशास्त्र. टेबलावर बसलेल्या माणसाला हे वाक्य तंतोतंत पटतं.

बरेचजण अमेरिकेतल्या बातम्या वाचून हा प्रश्न विचारतात, म्हणून दोन ओळी तिकडच्या. तिथे निवडणुकीचे बरेचसे नियम राज्यं ठरवतात, मतदार नोंदणीची अंतिम मुदतही. १९९३ च्या संघीय कायद्याने एवढंच घातलं आहे की संघीय निवडणुकीसाठी ती मुदत मतदानाच्या ३० दिवसांहून आधीची नसावी. त्या आत प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी, नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. त्यामुळे तिथे गव्हर्नर विशेष अधिवेशन बोलावतात आणि अशा मुदती किंवा प्राथमिक निवडणुकीच्या तारखा बदलतात, हे घडू शकतं. टेक्सासमध्ये तर विशेष अधिवेशन गव्हर्नरच बोलावू शकतात, विषय तेच ठरवतात, आणि ते तीस दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी ही सोय नाही, स्थानिक निवडणुकांसाठी थोडीफार आहे.

घरच्या घरी तुलना करायची तर केरळकडे बघावं. केरळ आणि उत्तर प्रदेशात राज्य निवडणूक आयोग स्थानिक निवडणुकांसाठी स्वतःची यादी बनवतो. फायदा असा की यादी स्वतःच्या हातात, तारीख स्वतःची, नाव घालणं-काढणं स्वतःच्या अधिकाऱ्याकडे. तोटा असा की मतदाराला दोनदा नोंदणी करावी लागते, आणि विधानसभेला नाव आहे पण पंचायतीला नाही, असं होऊन बसतं. महाराष्ट्राने एकच यादी घेतली ते मला बरोबर वाटतं. पण त्याची किंमत अशी की आपल्या राज्य आयोगाला एकही नवं नाव घालता येत नाही आणि एकही दुबार नाव खोडता येत नाही. प्रभाग चुकला, लेखनिकाची चूक झाली, विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीत गळलं, एवढंच ते दुरुस्त करतात. लोक त्यांच्यावर चिडतात, पण ते दुसऱ्याच्या यादीचे वाटप करणारे आहेत.

पुढच्या वेळेसाठी काय करावं, हेही तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर ‘लगतच्या अर्हता दिनांकाची यादी’ ही तरतूद पाचही कायद्यांत यायला हवी, आणि ती साध्या पावसाळी अधिवेशनात यायला हवी, निवडणूक दोन-तीन वर्षं लांब असताना. तेव्हा कोणाच्या पथ्यावर पडणार हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती एकमताने होऊ शकते. त्यात मसुदा करणाऱ्याने ‘कार्यक्रमाच्या घोषणेपूर्वी किमान नव्वद दिवस’ अशी फट ठेवावी, नाहीतर वर सांगितलेल्या कंट्रोल चार्टपाशी सगळं अडेल. नव्वद हा माझा अंदाज आहे, मुंबईसारख्या ठिकाणी शंभरही लागतील. या हिशेबाने तुमची मुलगी बसली असती का? १५ डिसेंबरच्या घोषणेपासून नव्वद दिवस मागे गेलं की सप्टेंबरचा मध्य येतो, म्हणजे यादी पुन्हा १ जुलैचीच. तेव्हा अशी तरतूद असती तरी या निवडणुकीत तिला मत मिळालं नसतं, हे तुम्हाला आवडणार नाही, पण खरं आहे. मेच्या उत्तरार्धात निवडणूक असेल तर मात्र १ जानेवारीची ताजी यादी नक्की मिळेल. आज ती मिळेलच असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.

तोवर कायदा आहे तसाच धरून मुलीसाठी करण्यासारखं बरंच आहे. नमुना ६ भरला नसेल तर आजच भरा. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका, तेव्हा तुमचा अर्ज गठ्ठ्यात जातो. घरात सतरा पूर्ण झालेलं दुसरं कोणी असेल तर त्याचाही आगाऊ अर्ज चालतो, पुढच्या अर्हता दिनांकाला तो विचारात घेतला जातो. पत्ता लिहिताना इमारतीचं नाव, विंग, घर क्रमांक आणि रस्ता स्पष्ट लिहा, ‘मंदिराजवळ’ लिहू नका. नाव मंजूर झालं की घरातल्या इतरांच्याच यादी भागात आलं आहे ना ते तपासा, बाप एका केंद्रावर आणि मुलगी दुसऱ्या, हे फार होतं. आणि पुढच्या स्थानिक निवडणुकीची प्रारूप प्रभाग यादी लागेल तेव्हा हरकतींचे ते पाच-सात दिवस सोडू नका. विधानसभेच्या यादीतला तिचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या. तो आकडा हातात असला की प्रभाग कार्यालयातला माणूस दोन मिनिटांत नाव शोधून देतो. नुसतं नाव सांगितलंत तर तो तुम्हाला उद्या यायला सांगेल.